उभयतोदत् आणि अन्यतोदत् : दंतरचना व आहार यांच्या विचाराचा इतिहास

१

दातांची ठेवण पाहून प्राण्याचा आहार ओळखता येतो, हे विधान आज शालेय पाठ्यपुस्तकांतही आढळते. वाघाचे सुळे मांस फाडण्यासाठी, उंदराचे पटाशीचे दात कुरतडण्यासाठी आणि गाईच्या दाढा गवत दळण्यासाठी आहेत, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु या साध्या दिसणाऱ्या विधानात वस्तुतः दोन भिन्न विधाने मिसळलेली आहेत. अमुक दाताने काय खाता येईल, हे एक; आणि तो दात ज्याच्या तोंडात आहे तो प्राणी प्रत्यक्षात काय खातो, हे दुसरे. पहिले विधान आकाराविषयी आहे, दुसरे वर्तनाविषयी. या दोहोंतील अंतर स्पष्ट होण्यास फार मोठा काळ जावा लागला. त्या काळातील विचाराचे प्रमुख टप्पे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या इतिहासाची सर्वांत जुनी साधने शब्दरूपाने उपलब्ध आहेत, ही गोष्ट भाषाभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची होय. खुद्द ‘दन्त’ हा शब्दच पाहावा. संस्कृत ‘दन्त’ वा ‘दत्’, ग्रीक ‘ओदोन्त’ आणि लॅटिन ‘देन्त’ हे शब्द सजातीय आहेत, याविषयी वाद नाही. पुष्कळ तुलनात्मक व्याकरणकार त्यांचा संबंध ‘खाणे’ या अर्थाच्या मूळ धातूशी, म्हणजे संस्कृतातील ‘अद्’शी जोडतात आणि हे रूप त्या धातूचे वर्तमानकालवाचक कृदन्त मानतात. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरली तर दात म्हणजे ‘खाणारा’. दात आणि आहार यांचा संबंध, तो शोधून काढण्याची कोणास गरज पडण्यापूर्वीच, नामकरणात येऊन बसला होता असे म्हणावे लागेल.

२

वैदिक वाङ्मयात पशूंचे वर्गीकरण अनेक तत्त्वांवर केलेले आढळते. ग्राम्य आणि आरण्य हा त्यांतील सुप्रसिद्ध भेद. दुसरा भेद दातांवरून केलेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात यज्ञापासून झालेल्या पशूंची उत्पत्ती सांगताना अश्व आणि ‘उभयादत्’ प्राणी एकत्र घेतले आहेत. गाई, शेळ्या व मेंढ्या यांचा उल्लेख त्यांहून वेगळा केला आहे. ‘उभयादत्’ म्हणजे दोन्ही जबड्यांत दात असलेला. त्याच्या विरुद्ध ‘अन्यतोदत्’, म्हणजे एकाच बाजूस दात असलेला, हा शब्द तैत्तिरीय संहितेत येतो. तेथे प्रजापतीला अर्पावयाच्या शिंगरहित बोकडात सर्व ग्राम्य पशूंची रूपे एकवटली असल्याचे वर्णन आहे. दाढी हे पुरुषाचे रूप, शिंगे नसणे हे अश्वाचे रूप आणि एकाच बाजूस दात असणे हे गाईचे रूप, अशी ती मांडणी आहे.

हे निरीक्षण अचूक आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वरच्या जबड्यास पुढच्या बाजूला दात नसतात. तेथे हिरडीची घट्ट, खरबरीत गादी असते. खालच्या जबड्यात मात्र पुढे आठ दात असतात. गाय जिभेने गवताचा झुबका ओढून घेते, खालचे दात आणि वरची गादी यांत तो धरते व मानेला हिसका देऊन तोडते. पुढचे दळण दाढांचे. त्या वर-खाली दोन्हीकडे असतात. म्हणजे ‘एकाच बाजूस दात’ हे वर्णन केवळ पुढच्या दातांपुरते खरे आहे. ज्याने जनावराचा ओठ वर करून पाहिला, त्याच्याच दृष्टीतून हा शब्द घडलेला दिसतो.

तथापि या शब्दांचा आहाराशी असलेला संबंध त्या ग्रंथांत सांगितलेला नाही. तेथील प्रयोजन वेगळे आहे. तैत्तिरीय संहितेत उभयादत् प्राण्याचे, म्हणजे अश्वाचे किंवा पुरुषाचे, दान स्वीकारणाऱ्यासाठी वैश्वानर अग्नीस विशिष्ट हवी अर्पण करावयास सांगितले आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भक्ष्याभक्ष्याचा विचार करताना ‘एकतोदत्’ पशू भक्ष्य मानले आहेत, मात्र उंटाचा अपवाद केला आहे. येथे एक गंमतीचा विपर्यय दिसतो. प्राणी काय खातो हे दातांवरून ठरविण्याऐवजी तो प्राणी माणसाने खावा की नाही, हे त्याच्या दातांवरून ठरविले गेले. निरीक्षण पशुपालकाचे, उपयोग धर्मशास्त्राचा, अशी ही विभागणी होती.

व्याकरणातही या निरीक्षणाचा ठसा उमटला आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात बहुव्रीहि समासाच्या अंती येणाऱ्या ‘दन्त’ शब्दास वय दर्शवावयाचे असता ‘दतृ’ हा आदेश सांगितला आहे. त्यानुसार ‘द्विदन्’, ‘चतुर्दन्’, ‘षोडन्’ अशी रूपे सिद्ध होतात. दातांच्या संख्येवरून वय सांगण्याची रीत व्याकरणकाराने दखल घेण्याइतकी रूढ होती, एवढे यावरून निश्चित होते. महाराष्ट्रातील बैलबाजारात ही रीत आजही लोपलेली नाही. कायमचे दात न आलेला तो ‘आदत’, दोन दात आलेला ‘दुसा’, चार आलेला ‘चौसा’ आणि सर्व दात आलेला ‘जुळलेला’, अशी ही परिभाषा आहे. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत, असे म्हण सांगते. त्या अर्थी विकतच्या गाईचे दात पाहण्याचा प्रघात होताच. पाहावयाचे ते दात खालचेच असतात, कारण वर पाहण्यासारखे काही नसते.

३

याच निरीक्षणासाठी ग्रीक भाषेत ‘आम्फोदोन्त’ हा शब्द होता. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याने आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत तो वारंवार योजला आहे. त्याचे घटक पाहिले असता ते ‘उभयादत्’च्या घटकांशी सजातीय असल्याचे दिसून येते : ‘आम्फो’ आणि ‘उभ’, ‘ओदोन्त’ आणि ‘दत्’. यावरून हा समासच मूळ समाईक भाषेत होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा. दोन्ही समाजांत गाय आणि घोडा रोज डोळ्यांपुढे होते. समाईक शब्दसंपत्तीतून तोच समास दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडणे अशक्य नाही. शब्दांचे नाते सिद्ध झाले म्हणजे विचाराचे नाते सिद्ध होतेच असे नाही.

विचाराच्या बाबतीत ग्रीक आणि भारतीय मार्ग भिन्नच आहेत. ॲरिस्टॉटलला प्रश्न पडला तो कारणाचा. शिंगे असलेला कोणताही प्राणी ‘आम्फोदोन्त’ नसतो, असे त्याने नोंदविले आणि त्याची उपपत्ती दिली. शरीरातील कठीण, पार्थिव द्रव्य मर्यादित असते. निसर्गाने ते शिंगांसाठी खर्च केले की वरच्या दातांसाठी उरत नाही. दातांची ही उणीव अनेक कप्प्यांच्या जठराने भरून निघते. अशा रीतीने शिंगे, दात, जठर आणि अन्न यांची एक साखळी त्याने बांधली.

या साखळीत उंट बसेना. उंटाला शिंगे नाहीत, तरीही तो रवंथ करतो आणि त्याच्या वरच्या जबड्यात पुढे मधोमध दात नसतात. ॲरिस्टॉटलने उत्तर दिले की, उंटाचे अन्न काटेरी व काष्ठमय असल्याने त्याला तशा जठराची गरज अधिक आहे आणि उरलेले पार्थिव द्रव्य त्याच्या टाळूच्या कठीणपणात खर्ची पडले आहे. मनुस्मृतीने उंटाला अपवाद म्हणून वगळले, ॲरिस्टॉटलने त्याला अपवाद म्हणून समजावून सांगितले. वस्तुस्थिती अशी की, प्रौढ उंटाच्या वरच्या जबड्यात दोन्ही कडांना सुळ्यांसारखे अणकुचीदार दात असतात. तो ना पुरता उभयतोदत्, ना पुरता अन्यतोदत्. दोन्ही परंपरांना नेमक्या याच प्राण्यापाशी अडखळावे लागले, हे त्यांच्या निरीक्षणाच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे.

ॲरिस्टॉटलच्या हाती दाताला तत्त्वज्ञानातील एका मोठ्या वादाचे उदाहरण होण्याचा मान मिळाला. ‘भौतिकी’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याने एक पूर्वपक्ष मांडला आहे. पुढचे दात तीक्ष्ण व मागचे रुंद उगवतात ते काही हेतूने नव्हे, तर योगायोगाने; ज्यांच्या बाबतीत हा योग जुळून आला ते प्राणी टिकले, इतर नष्ट झाले, असे का मानू नये? हे मत त्याने एम्पेडोक्लीझच्या विचाराशी जोडले आहे. त्याचे खंडन त्याने असे केले की, दात नेहमीच किंवा बहुधा याच रीतीने उगवतात आणि जे नेहमी घडते ते योगायोगाचे असू शकत नाही. म्हणून ते हेतुमूलकच आहे. चार्ल्स डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या १८५९ च्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांत जोडलेल्या ऐतिहासिक आढाव्यात हा उतारा उद्धृत केला. परंतु खंडनासाठी मांडलेला पूर्वपक्ष हे ॲरिस्टॉटलचेच मत असल्यासारखे तेथे दिसते. पूर्वपक्ष आणि सिद्धान्त यांची गल्लत किती दूरवर जाऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

४

अठराव्या शतकात दात पुन्हा वर्गीकरणाचा पाया झाला. लिनीअसने १७५८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सिस्टेमा नातुराए’च्या दहाव्या आवृत्तीत सस्तन प्राण्यांचे गण मुख्यतः दातांवरून, त्यातही पटाशीच्या दातांवरून, पाडले. या पद्धतीने वटवाघूळ माणसाच्या गणात गेले आणि गेंडा उंदीर, ससा व खार यांच्या पंक्तीस जाऊन बसला. दात मोजून प्राण्यांची ओळख पटविणे सोपे होते. परंतु दात मोजणे म्हणजे दात समजणे नव्हे, हे या विचित्र पंक्तींवरून ध्यानात येऊ लागले.

दात समजून घेणेही निर्धोक नव्हते. उत्तर अमेरिकेत ओहायो नदीच्या परिसरात हत्तीसारखे सुळे आणि अस्थी सापडल्या होत्या. त्यांच्याबरोबरच्या दाढा मात्र हत्तीच्या दाढांसारख्या सपाट नसून त्यांवर मोठमोठे उंचवटे होते. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७६८ साली त्यावरून असा निष्कर्ष काढला की, हा प्राणी हत्ती नसून एक प्रचंड मांसाहारी पशू असावा. बेंजामिन फ्रँकलिन यांनीही प्रथम त्या दिशेने विचार केला होता. पण त्याच वर्षी एका पत्रात त्यांनी शंका व्यक्त केली की, असे उंचवटे मांस चावण्यास जितके उपयोगी तितकेच झाडांच्या लहान फांद्या चिरडण्यासही उपयोगी पडतील. फ्रँकलिन यांची शंका खरी ठरली. हा प्राणी झाडपाल्यावरच जगणारा होता. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण हत्तीवरून पडली. येथे तर खाण्याच्याच दातांनी विद्वानांना चकविले. संस्कृतातही हत्तीला ‘द्विरद’ म्हटले ते न खाण्याच्या दातांवरूनच.

जॉर्ज क्यूव्हिए यांनी १७९६ साली पॅरिस येथे वाचलेल्या निबंधात हत्तींच्या दाढांची तुलना केली. आशियाई हत्तीच्या दाढेवर एनॅमलच्या अरुंद आडव्या पट्ट्या असतात, तर आफ्रिकी हत्तीच्या दाढेवर त्यांचा आकार शंकरपाळ्यासारखा असतो. मॅमथच्या दाढा या दोहोंहून वेगळ्या होत्या. यावरून तो नष्ट झालेल्या स्वतंत्र जातीचा प्राणी असल्याचे त्यांनी प्रतिपादिले. ओहायोच्या प्राण्याला त्यांनी १८०६ साली ‘मॅस्टोडॉन’ हे नाव दिले; दाढेवरील उंचवट्यांच्या स्तनासारख्या आकारावरून ते पडले. पुढे १८१२ साली त्यांनी अवयवांच्या परस्परसंबंधाचा सिद्धान्त विस्ताराने मांडला. ज्या प्राण्याचे आतडे मांस पचविण्यास योग्य, त्याचे दात, जबडे, नखे आणि पाय हेही भक्ष्य पकडण्यास योग्यच असले पाहिजेत. म्हणून एका दातावरून उरलेल्या शरीराचे अनुमान करता येते, असा त्याचा आशय होता.

या अनुमानाचे यश डोळे दिपविणारे होते. माँमार्त्रच्या खाणीतील एका लहान सांगाड्याचा जबडा व दात पाहून क्यूव्हिए यांनी तो ओपॉसम असल्याचे ओळखले आणि शिशुधान प्राण्यांस असणारी विशिष्ट हाडे त्याच्या ओटीपोटापाशी सापडतील असे आधी सांगून, मग साक्षीदारांसमक्ष दगड कोरून ती दाखविली. ही हकीकत १८०४ साली प्रसिद्ध झाली. परंतु हेच क्यूव्हिए १८२३ साली इंग्लंडहून आणलेल्या एका दाताबाबत चुकले. गिडियन मँटेल यांना मिळालेला तो दात त्यांनी प्रथम गेंड्याचा ठरविला. पुढे त्यांनी चूक मान्य केली. तो दात शाकाहारी सरीसृपाचा होता आणि मँटेल यांनी १८२५ साली त्या प्राण्याला ‘इग्वानोडॉन’ असे नाव दिले. दातावरून आहार बरोबर ओळखला, पण प्राण्याचा वंश ओळखण्यात चूक झाली, असा हा प्रकार होता.

५

हिंदुस्थानात या अभ्यासाला सामग्री मिळाली ती शिवालिक टेकड्यांत. सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे अभियंता प्रोबी कॉटली यांनी १८३० नंतरच्या दशकात तेथील जीवाश्मांचा फार मोठा संग्रह केला. या कार्याबद्दल लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने १८३७ साली दोघांना वुलस्टन पदक दिले. शिवालिकमध्ये हत्तीच्या कुळातील अनेक जाती सापडल्या आणि फाल्कनर यांनी त्यांच्या दाढांवरील कंगोऱ्यांची संख्या व उंची यांवरून त्यांची मांडणी केली. एका टोकास थोड्या बोथट उंचवट्यांचा मॅस्टोडॉन. दुसऱ्या टोकास आजचा आशियाई हत्ती, ज्याच्या शेवटच्या दाढेत सुमारे चोवीस उभ्या पट्ट्या एकमेकींस चिकटून असतात. आणि मध्ये छपरासारख्या कंगोऱ्यांचा ‘स्टेगोडॉन’. ओहायोच्या दाढेने निर्माण केलेले कोडे शिवालिकच्या मालिकेने सुटले. उंचवट्यांची दाढ आणि पट्ट्यांची दाढ हे दोन परके प्रकार नसून त्यांना जोडणारी मधली रूपे आहेत, हे त्यातून दिसले.

ही रूपे का बदलली, याचे आहारमूलक उत्तर व्लादिमीर कोवालेव्हस्की यांनी घोड्यांच्या व खुरी प्राण्यांच्या जीवाश्मांवरून १८७३–७४ च्या सुमारास दिले. प्राचीन घोडे लहान, आखूड दाढांचे व पाला खाणारे होते. पुढे गवताळ प्रदेश पसरले, तशा त्यांच्या दाढा उंच होत गेल्या. गवत चरताना दात झिजतात, म्हणून अधिक उंचीचा दात अधिक काळ पुरतो, हे त्याचे तत्त्व. झीज नेमकी कशाने होते, यावर पुढे दीर्घ वाद झाला. मेंढ्यांच्या दातांवरील १९५९ च्या एका संशोधनात गवतातील सिलिकाचे कण एनॅमलहून कठीण असल्याचे म्हटले होते. २००७ साली झालेल्या मोजणीत ते एनॅमलहून मऊ आढळले. तेव्हापासून गवताबरोबर तोंडात जाणारी माती आणि धूळ यांच्याकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले. म्हणजे उंच दाढ ही गवताची खूण की धुळीची, हा प्रश्नही निःसंदिग्ध राहिला नाही.

६

येथवरच्या सर्व विचारात एक गृहीत समान होते : दाताचा आकार माहीत झाला की आहार माहीत झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराहून स्वतंत्र अशी दोन साधने उपलब्ध झाली आणि या गृहीताची परीक्षा प्रथमच शक्य झाली.

पहिले साधन म्हणजे दातावरील सूक्ष्म ओरखडे. ॲलन वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली सेरेंगेटीतील हायरॅक्सच्या दोन जातींचे दात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. गवत खाणाऱ्या जातीच्या दातांवर बारीक समांतर ओरखडे होते. पाला खाणाऱ्या जातीचे दात गुळगुळीत होते. दुसरे साधन म्हणजे एनॅमलमधील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण. ज्वारी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातील गवते ही एका प्रकाराने कार्बन ग्रहण करतात. वृक्ष, झुडपे, भात व गहू दुसऱ्या प्रकाराने. हा फरक खाणाऱ्याच्या दातात उतरतो आणि लक्षावधी वर्षे टिकतो. आकार सांगतो ते सामर्थ्य. ओरखडे आणि कार्बन सांगतात तो प्रत्यक्ष व्यवहार.

या दोहोंचा मेळ पुष्कळ ठिकाणी बसला, पण काही ठिकाणी बसला नाही. मेरी लीकी यांना १९५९ साली टांझानियातील ओल्डुवाई येथे मानवकुळातील एक कवटी मिळाली. तिच्या प्रचंड दाढांवरून या जातीला कठीण फळे फोडणारा ‘अडकित्ता-मानव’ असे टोपणनाव पडले. परंतु या जातीच्या दातांवर कठीण पदार्थांमुळे पडणारे खड्डे नाहीत, असे २००८ साली दिसून आले; आणि २०११ च्या समस्थानिक-अभ्यासावरून तिचा सुमारे तीन चतुर्थांश आहार गवत व लव्हाळे या वर्गांतील वनस्पतींचा ठरला. अडकित्ता होता, सुपारी नव्हती.

याहूनही महत्त्वाचा निष्कर्ष हत्तींविषयी निघाला. पूर्व आफ्रिकेतील हत्तीकुळाच्या जीवाश्मांवर एड्रियन लिस्टर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार हे प्राणी सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मुख्यतः गवत खाऊ लागले. त्यांच्या दाढा मात्र लक्षणीय रीतीने उंच होऊ लागल्या त्या सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी. मधली ३० लाख वर्षे ते पाल्याच्या दाढांनी गवत खात होते. आधी सवय बदलली आणि दात तिच्यामागून फार सावकाश बदलले.

७

वरील इतिहासाचा मथितार्थ असा की, मूळ निरीक्षण टिकले आणि स्पष्टीकरणे बदलत गेली. गाईच्या वरच्या जबड्यात पुढे दात नाहीत, हे वैदिक याज्ञिकाने पाहिले तसेच आजही दिसते. त्याचा अर्थ कोणी विधिनिषेधात शोधला, कोणी हेतूत, कोणी वर्गात, कोणी अवयवांच्या मेळात आणि कोणी वंशाच्या परिवर्तनात. प्रत्येकाने आपापल्या काळच्या प्रश्नाचे उत्तर दाताकडून मागितले.

शेवटी जो भेद हाती आला, तो शब्दाच्या अभ्यासकास अपरिचित नाही. व्युत्पत्ती शब्दाचा पूर्वेतिहास सांगते, त्याचा चालू अर्थ सांगत नाही. त्यासाठी प्रयोग पाहावे लागतात. शब्दाचे रूप जुने राहते आणि वापर पुढे जातो. दाताचेही तसेच आहे. त्याचा आकार पूर्वजांनी काय खाल्ले ते सांगतो, पण आज काय खाल्ले जात आहे हे त्याच्या झिजेवरून कळते. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. मात्र एकीचे काम दुसरीवर सोपविता येत नाही. बैलबाजारातील जाणता शेतकरी दात मोजून वय ठरवितो, पण बैल वैरण कशी खातो ते पाहण्यासाठी गव्हाणीपाशी थोडा वेळ उभाही राहतो.